चढ, उतार आणि एकवीस किलोमीटर

मॅरेथॉन या नावाभोवती इतिहासाचे आणि दंतकथेचे जे वलय आहे, त्याचा वाटा अर्ध्या मॅरेथॉनच्या पदरी फारसा आलेला नाही. तिच्यासाठी कोणी ग्रीक दूत प्राणाला मुकल्याची कथा नाही, ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात तिला आजवर एकदाही स्थान मिळालेले नाही, आणि तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली तीही १९९२ साली, म्हणजे कालपरवाच. असे असूनही, सकाळी कचेरीत वेळेवर हजेरी लावणाऱ्या, घरी वृद्ध आईवडील आणि शाळकरी मुले असणाऱ्या, धावण्याकडे पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून न पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या शक्तीचा आणि सवडीचा मेळ ज्या अंतराशी सर्वांत चांगला बसतो ते अंतर हेच, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. दहा किलोमीटर निव्वळ उत्साहाच्या बळावर निभावून नेता येतात; पूर्ण मॅरेथॉनसाठी आयुष्यातले महिनेच्या महिने गहाण टाकावे लागतात; एकवीस किलोमीटर मात्र तयारीवाचून सुखरूप पार पडत नाहीत, आणि तयारी केली तर संसाराची घडीही विसकटू देत नाहीत.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. धावताना स्नायू जे इंधन जाळतात त्यातील तातडीने उपलब्ध होणारा भाग म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेले ग्लायकोजन. हा साठा बहुतेकांचा तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येतो, आणि पूर्ण मॅरेथॉनचे धावपटू ज्या ‘वॉल’विषयी धास्तीने बोलतात ती तेथेच उभी असते. अर्ध्या मॅरेथॉनमध्ये वेग बेताचा ठेवला आणि आदल्या दोन दिवसांत भात, पोळी, बटाटा असे पिष्टमय अन्न पोटभर घेतले, तर शरीराची ही शिल्लक शेवटपर्यंत पुरते.

मूळ मॅरेथॉनचे अंतर कसे ठरले ही हकिकत मोठी मनोरंजक आहे. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडागारातील राजघराण्याच्या सज्ज्यापर्यंत आखलेला मार्ग ४२ किलोमीटर १९५ मीटर भरला, आणि १९२१ साली तेच अंतर कायमचे मुक्रर झाले. त्याचे निम्मे म्हणजे २१ किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर मुक्रर होण्याच्या आदल्याच वर्षी, १९२० मध्ये, अँटवर्पला जे ऑलिम्पिक झाले त्यातील मॅरेथॉनचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा, म्हणजे आजच्याहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होता, आणि त्या मार्गावर बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. या पराक्रमाचे मूळ पुण्यात आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या तुलनेत उणावणाऱ्या नाहीत हे त्यांच्या ध्यानी आले, आणि या पोरांना ऑलिम्पिकला धाडण्याची तजवीज त्यांनी पदरमोड करून केली. आज पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे जी मंडळी धावताना दिसतात त्यांच्यापैकी फार थोड्यांना चौगुल्यांचे नाव ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता सरावाविषयी. नवख्या माणसाची समजूत अशी असते की धावण्याचा सराव म्हणजे रोज कालच्यापेक्षा अधिक वेगाने धावणे. आणि ही समजूत जितकी स्वाभाविक तितकीच घातक आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लायडियार्ड यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी आपल्या शिष्यांना, त्यांत आठशे मीटरसारखी आखूड शर्यत धावणारा पीटर स्नेलही होता, डोंगरातल्या रस्त्यांवर पस्तीस-पस्तीस किलोमीटरांच्या दीर्घ दौडी करायला लावल्या, आणि १९६० साली रोममध्ये स्नेलने आठशे मीटरचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा या पद्धतीकडे जगाचे लक्ष गेले. दीर्घ काळ मंद गतीने धावल्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ती पेशींमधली ऊर्जानिर्मितीची केंद्रे संख्येने व आकाराने वाढतात. चरबीचे इंधन वापरण्याची शरीराची क्षमता त्यामुळे सुधारते आणि ग्लायकोजनची बचत होते. हे सारे घडते ते धाप न लागणाऱ्या वेगात. म्हणून आमच्या धावण्याच्या गटाचा शिरस्ता असा की रविवारच्या ‘लाँग रन’मध्ये शेजारणीशी सलग वाक्यात बोलता आले पाहिजे; बोलणे तुटू लागले की वेग उतरवायचा, मग बरोबरच्या कितीही पुढे जावोत.

हा संयम सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे. पहाटेचा गार वारा अंगावर येत असताना, पाय हलके असताना आणि मागून कोणी झपाट्याने पुढे निघून जात असताना मुद्दाम मंद धावणे म्हणजे स्वतःच्या अभिमानाशी रोज एक करार करणे होय. परंतु त्याला आणखी एक सबळ कारण आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा, अस्थिबंध आणि हाडे यांना, विशेषतः कंडरा आणि अस्थिबंधांना रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे, कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर वाढवत जातो आणि नडगी, टाच किंवा गुडघा एके दिवशी आपली तक्रार रुजू करतो. साप्ताहिक अंतर हळूहळू वाढवावे, दर तीन आठवड्यांनी एक आठवडा ते उतरवावे, आठवड्यात एखादाच दिवस टेम्पो किंवा इंटरव्हलसारखा वेगाचा सराव ठेवावा, शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणून पायांना विश्रांती द्यावी, इतके नियम तीन-चार महिन्यांच्या तयारीला पुरेसे आहेत. बुटांविषयी दुकानांत पुष्कळ पांडित्य ऐकायला मिळते. पायाला न चावणारे आणि स्पर्धेपूर्वी पुरेसे वापरलेले बूट असावेत, एवढे त्यातले घेण्याजोगे आहे.

आमचा गट बायकांचा आहे, आणि अंधारात एकटीदुकटीने निघण्यापेक्षा सर्वांनी ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यावर जमावे या सोयीतून तो जन्मला. कोणी शिक्षिका आहे, कोणी बँकेत आहे, कोणी नातवंडे सांभाळते. सव्वापाचला कोपऱ्यावरच्या दिव्याखाली जी उभी नसेल तिच्या घरी फोन जातो, आणि अंथरुणातून उठण्याच्या कामी या फोनच्या धाकाइतका प्रभावी उपाय माझ्या पाहण्यात नाही.

या तयारीची खरी कसोटी पाहायची तर साताऱ्याला जावे. तेथील हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते आहे, आणि २०१५ साली एकाच डोंगरावरच्या धावेत सर्वाधिक, म्हणजे २,६१८ धावपटू उतरल्याचा विक्रम गिनेस बुकात तिच्या नावे नोंदला गेला. भादव्याच्या आगेमागे, पाऊस ओसरत असताना आणि कास पठार फुलांवर येत असताना ही स्पर्धा होते. शहरातला भाग म्हणजे निव्वळ उत्सव असतो: ढोलताशे, लेझीम, गणवेशात ओळीने उभी राहून टाळ्या वाजवणारी शाळेची मुले, ओट्यावर आलेले आजोबा. समर्थ मंदिराचा परिसर मागे पडला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, वाद्यांचा आवाज खाली राहतो, आणि धुके असेल तर पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नाही. नसेल तर एका बाजूला अजिंक्यतारा आणि त्याच्या पायथ्याला पसरलेले शहर हळूहळू खाली जाताना दिसते.

चढाची भीती सर्वांनाच असते, म्हणून तयारी सर्वांनीच केलेली असते. पावले आखूड टाकावीत, नजर दहा-पंधरा पावलांवर ठेवावी, हात कोपरातून मागे ओढावेत, आणि धावण्याची गती चालण्याइतकी उतरली तर खुशाल चालावे. घाटात भरभर चालणारी बाई रेटून धावणाऱ्याच्या बरोबरीने माथ्यावर पोहोचते, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. हवेत बाष्प भरलेले असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाही. त्यामुळे गार हवेतही शरीर आतून तापते. पाणी तहान लागेल तसे घोट-घोट घ्यावे. भीतीपोटी प्रत्येक स्टॉलवर पेलाभर पाणी रिचवल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून प्रकृतीला तहानेपेक्षाही मोठा धोका संभवतो, ही गोष्ट अजून पुष्कळांपर्यंत पोहोचलेली नाही.

मी ही स्पर्धा धावले तेव्हा यवतेश्वर गावापाशी, परतीच्या वाटेवर, एक म्हातारी दाराशी पितळी तांब्या घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर एका हाताने सावरीत दुसऱ्या हाताने ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत पाण्याची धार धरत होती. मी ओंजळ पुढे केली तेव्हा ती म्हणाली, “आता काय गं बाई, उतारच हाय समदा. जा पळत बिगीबिगी!” तिचे पाणी मी कधी विसरणार नाही. तिचे म्हणणे छातीच्या दृष्टीने अगदी खरे होते; मांड्यांचा हिशेब मात्र निराळा असतो.

चढताना मांडीचा स्नायू आकसत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचे वजन झेलतो, आणि प्रत्येक पावलाला लगामाचे काम करतो. या ताणाखालच्या आकुंचनात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, तिची वेदना तत्काळ न कळता एका दिवसाने वाढू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते. म्हणून घाटमाथ्यावरून ताज्या दमाने मोकाट सुटलेले धावपटू शहराच्या वेशीपाशी सपाट रस्त्यावर पाय जड होऊन खुरडताना दिसतात. मागचा घाट त्यांनी जिंकलेला असतो आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर सरता सरत नाहीत. मी त्या उतारावर पेसरच्या, म्हणजे ठरल्या गतीने धावून इतरांना सोबत नेणाऱ्या धावपटूच्या, झेंड्यामागून, ज्या घोळक्याला धावपटू ‘बस’ म्हणतात त्यात राहून, आखूड आणि वेगवान पावलांनी, गुडघा किंचित वाकलेला ठेवून आणि टाचेने रस्त्याला धक्के न देता उतरले. आमच्या पेसरने साऱ्या घाटात एकदाही झेंडा खाली केला नाही, आणि माझ्या शेजारच्या बँकेतल्या मैत्रिणीने मागे पडू पाहणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला, “माझ्या पावलाला पाऊल लाव, पुढचं बघू नकोस,” असे सांगत थेट समर्थ मंदिरापर्यंत आणले. शर्यत संपते त्या मैदानात शिरलो तेव्हा बसमधले बहुतेक जण अजून धावतच होते.

स्पर्धेनंतरच्या मंगळवारी जिना उतरताना कठड्याला धरावे लागले. हे दुखणे आजार नव्हे, आणि गोळ्यांपेक्षा संथ चालणे व पुरेशी झोप त्यावर अधिक लागू पडतात. मात्र निसर्गाची यात एक मोठी सवलत आहे. उतारावरच्या एका दौडीने स्नायूंना जी इजा होते ती भरून येताना ते असे काही बळकट होतात की पुढचे कित्येक आठवडे तशाच उताराने त्यांना पूर्वीइतके दुखत नाही. अर्थात उताराचा एक नेटका सराव स्पर्धेपूर्वी दोन-तीन आठवडे झालेला असावा, आणि तो बेताचा असावा. आमच्या गटाने या वेळी पुण्याजवळच्या बोपदेव घाटाची तजवीज तशीच केली आहे: माथ्यापर्यंत गाडीने जायचे, आणि खाली कोंढव्याच्या बाजूला पायांनी उतरायचे.