थकली, पण संपली नाही!

नागपुरात ई-रिक्षा दिसली, की माझी नजर प्रथम आसनाखालच्या बॅटऱ्यांकडे वळते. बहुधा १२ व्होल्टच्या चार, एकसर जोडलेल्या. त्यांतली एक खचली, की चौघींचा प्रवास थांबतो आणि चालकाची रोजची मिळकतही!

पण म्हणून चारही भंगारात कशाला? मी आधी व्होल्टमीटर लावून दुबळी कोण ते शोधतो. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. रिकामी पडून राहिली, की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कण घट्ट बसतात. थर कोवळा असेल, तर डिस्टिल्ड वॉटर घालून मंद प्रवाहाने बराच वेळ चार्ज केल्यास तो पुष्कळसा विरघळतो. झडलेल्या पट्ट्या मात्र पुन्हा उगवत नाहीत. बदली बॅटरी तितकीच वापरलेली, पण धडधाकट घ्यावी. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर थकते.

रिक्षा ओढू न शकणारी बॅटरी घरचा दिवा खुशाल लावते. फक्त चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. दिवाळीची पणती दूरच बरी. आणि वाचकहो, ती घरी कधीही फोडू नका. शिसे मुलांच्या मेंदूला विष आहे. अखेरीस ती विक्रेत्याकडेच परत जाऊ द्या. तिच्यातल्या शिशातून नवी बॅटरी जन्मते.