जुनी माशांची टाकी घरात घेण्यापूर्वी

शहरात नोकरीस असलेल्या आप्तांची बदली झाली म्हणजे सामानाच्या बांधाबांधीत एक वस्तू हटकून मागे उरते, आणि ती म्हणजे माशांची काचेची टाकी. नव्या बिऱ्हाडी तिला जागा नसते, आणि विकावयास काढली तर फारसे पैसे येत नाहीत. मग "गावाकडच्या मुलांना होईल" असे म्हणून ती वडोद्याहून वा हैदराबादेहून गोधडीत गुंडाळून आपल्या ओटीवर येऊन पोहोचते. मुले तिच्याभोवती फेर धरतात आणि बाजारातून मासे आणण्याचा हट्ट त्याच सायंकाळी सुरू होतो.

माता-पित्यांना आमची आग्रहाची विनंती आहे की हा हट्ट लगेच पुरवू नये. टाकी रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते.

प्रथम देणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: शेवटचे मासे कशाने मेले? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठून मेले असतील तर फारसे भय नाही. त्या रोगाच्या जंतूस माशाच्या अंगाचा आश्रय लागतो. मासाही नाही आणि पाणीही नाही अशा स्थितीत तो तग धरीत नाही. परंतु मासे दिवसेंदिवस रोडावत गेले, पाठीला बाक आला, अंगावर व्रण पडले, असे उत्तर मिळाले तर ती टाकी सरळ नाकारावी. हा माशांचा क्षय असण्याचा संभव असतो. त्याचा जंतू माणसाच्या क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद. फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या माशांत तो १९२६ साली प्रथम ओळखला गेला, आणि १९५१ साली स्वीडनमध्ये पोहणाऱ्यांच्या कातडीवर उठलेल्या गाठींत तोच सापडला. हाताला खरचटलेले असताना अशा पाण्यात हात घातला, तर काही आठवड्यांनी तेथे गाठ वा न भरणारी जखम होते. ती एकाची दुसऱ्यास लागत नाही. पण औषध कित्येक महिने घ्यावे लागते. गुडघे-कोपरे सदा फुटलेल्या आपल्या मुलांचा विचार करून आम्ही हे विस्ताराने लिहीत आहोत. तशी गाठ दिसल्यास घरात माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, नाहीतर त्यांचे निदान भलतीकडे जावयाचे.

आता कामास लागावे. टाकी सपाट जागी थर्माकोलच्या पत्र्यावर ठेवून काठोकाठ भरावी आणि एक दिवस-रात्र तशीच राहू द्यावी. गळकी टाकी धूत बसण्यात अर्थ नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, म्हणजे ५६ किलो वजन. ती भरलेली कधीही उचलू नये. सांधे तडकतात.

साबण लावू नये. भांड्यांचा नाही, कपड्यांचा नाही, सुवासिक तर मुळीच नाही. आमच्या भगिनींना हे पटावयास जड जाते याची आम्हांस कल्पना आहे, पण सांध्यांत मुरलेला साबण धुऊन जात नाही आणि माशांच्या कल्ल्यांना तो घातक ठरतो. राखेतही वाळूचा कण असतो. काचेवर ओरखडे उठतात. मीठ व ओले फडके एवढ्यावर शेवाळ निघते. खाऱ्या पाण्याचे पांढरे पुट मात्र लिंबाच्या फोडीने वा व्हिनेगरने चोळावे आणि टाकी चार पाण्यांनी धुऊन दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी होऊ द्यावी.

हा एक दिवसाचा खंड आम्ही मुद्दाम घातला आहे. पुढचे द्रव्य म्हणजे विहिरीत टाकतात तीच ब्लीचिंग पावडर. तिचा आणि आंबट पदार्थाचा वा मोरीच्या ॲसिडचा संयोग झाला की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. मोरीच्या बंद खोलीत तो थोडाही छातीत गेला तर जीव घाबराघुबरा होतो.

एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ताजी पावडर ढवळावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी घ्यावी. डबा उघडा राहिला असेल तर पावडरीत बळ उरत नाही. काम उघड्यावर करावे, हातांत रबरी मोजे घालावे, मुलांना दूर ठेवावे. या निवळीने काच व कोपरे पंधरा मिनिटे सतत ओले ठेवून मग टाकी स्वच्छ धुवावी. याच द्रव्याने १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी वैद्यांना हात धुवावयास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू शेकडा १८ वरून शेकडा २ च्या आसपास आले. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांचे ऐकले नाही, हे त्या विद्वानांचे दुर्दैव म्हणावयाचे की बाळंतिणींचे, ते वाचकांनीच ठरवावे.

मात्र वर सांगितलेला क्षयाचा जंतू ब्लीचिंगला सहजी दाद देत नाही. म्हणून टाकी सुकल्यावर दवाखान्यात मिळणाऱ्या स्पिरिटने सर्व कोपरे पुसावे; चूल, दिवा, विडी जवळ नसावी. नंतर आठ दिवस टाकी कडक उन्हात पालथी ठेवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, ती तडकते.

जुनी वाळू, लाकडाचे तुकडे, गाळणीचा स्पंज, जाळी ही ठेवू नयेत. खड्डा करून पुरावी. टाकीतील झाडे, गोगलगायी किंवा उरलेले मासे ओढ्यात, तळ्यात वा विहिरीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा अशाच हातांनी आपल्या देशातील नद्यांत व तळ्यांत पोहोचला, आणि आज कोळ्यांची जाळी तो आपल्या काटेरी अंगाने फाडीत आहे. ब्लीचिंगचे पाणी एक दिवस उन्हात ठेवून, विहिरीपासून दूर, पडीक जागेत ओतावे.

टाकी पुन्हा भरल्यावर क्लोरीनचा वास येत असेल तर माशांच्या दुकानातील अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावे. पूर्वी फोटोग्राफर वापरीत ते हायपो म्हणजे हेच.

एवढे झाले तरी घाई नको. आपण वाईट जंतूंबरोबर चांगलेही मारले आहेत. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जंतू वाळूत व गाळणीत पुन्हा वसावयास तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर नितळ दिसणाऱ्या पाण्यातही मासे गुदमरून मरतात. एखाद्या शेजाऱ्याची निरोगी टाकी असेल तर तिच्यातील मूठभर वाळू मागून आणावी. काम लवकर होते. प्रथम दोन-तीन गप्पी मासे सोडावे, दिवसाकाठी चिमूटभरच खाद्य टाकावे आणि आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. हे काम मुलांकडे सोपवावयास हरकत नाही. मात्र हाताला जखम असेल त्या दिवशी ते मोठ्यांनी करावे, आणि नंतर हात साबणाने धुवावे. साबणाची जागा तेथे आहे.