न्यूयॉर्क जवळ आले, सहार नाही

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. मुले अमेरिकेत असलेल्या ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत हा प्रवास ‘सोळा तासांचा’ म्हणून सांगितला जातो. पाऊणशे वर्षांचा हिशेब मांडला, की या आकड्यात वेगाचा वाटा फार थोडा निघतो. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ 35 प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला उतरले. 1960 मध्ये बोइंग 707 आले आणि त्याच वर्षी सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली. खरी उडी ती. आजची प्रवासी विमाने त्या 707पेक्षा फारशी वेगाने उडत नाहीत. कॉन्कॉर्ड वेगाने उडायचे, ते 2003 मध्ये बंद पडले. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू झाली तेव्हा वाचले ते वाटेतल्या थांब्याचे तास. विमानाचा पल्ला वाढला, वेग तिथेच राहिला.

म्हणून एकूण प्रवास कमी करायला जागा उरली ती जमिनीवर, आणि नेमकी तिथेच आपली गाडी अडली आहे. डोंबिवली ते सहार विमानतळ रस्त्याने चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. गर्दीच्या वेळी दोन तास धरले तर वेग ताशी वीस. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या गाडीने ठाण्यापर्यंतचे 34 किलोमीटर कापायला सव्वा तास घेतला असे धरले, तरी तिचा वेग ताशी सत्तावीस होतो. ही तुलना अन्यायाची आहे, असे कोणी म्हणेल: तेव्हा मोकळ्या रुळांवर एकच गाडी, आज लाखो माणसे. मान्य. पण माणसे वाढणार हे काही रात्रीतून कळले नाही. ठाण्यापुढचा रेल्वेचा पारसिक बोगदा 1916चा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पुरी व्हायला 2022 उजाडले. लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने विमानतळ रोड, हा मार्ग 2014पासून आहेच, असेही सांगता येईल. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन घाटकोपरचा जिना चढून पाहावा! परदेशी निघालेला माणूस शेवटी गाडीच करतो, आणि शीळफाट्याला किंवा मुंब्रा बायपासला ट्रकांच्या रांगेत उभा राहतो. त्यात तीन तास आधी पोचायचे, म्हणजे विमान सुटण्याच्या पाच-सहा तास आधी घर सोडायचे. सोळा तासांचा प्रवास इथेच बावीसवर जातो.

सगळ्यात वजनदार आक्षेप नवी मुंबईचा. 8 ऑक्टोबर 2025 रोजी तिथल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली. कल्याण-डोंबिवलीला तो सहारपेक्षा सोयीचा पडावा. नकाशावर पडतोही. मात्र तिकडे जाणारी गाडी त्याच शीळफाट्यावरून वळते, आणि लोकलने जायचे तर आधी उलटे ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर धरायची. कल्याणला तळोज्याशी जोडणारी मेट्रो व्हायची आहे. तिच्या आधीची ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो घ्या: भूमिपूजन डिसेंबर 2018चे. 2025 सरले तेव्हा ती कल्याणला पोचलेली नव्हती.