आपद्‌ग्रस्त विद्यार्थी : माफी आणि वृत्ती

नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्या कुटुंबातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यास द्यावयाच्या साहाय्याचा विचार करताना ‘शुल्कमाफी’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे शब्द पुष्कळदा एकाच पंक्तीस बसविले जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘माफी’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि महसुली व्यवहारात रुळला. येणे असलेली रक्कम सोडून देणे, एवढीच त्याची व्याप्ती. ‘शिष्यवृत्ती’तील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. एकात घेणे सोडावयाचे असते, दुसऱ्यात प्रत्यक्ष काही द्यावयाचे असते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वेळी दिलेल्या सवलतींत जमीन महसुलातील सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी यांचा समावेश होता. म्हणजे विद्यार्थ्याचे शुल्क हे शेतसाऱ्याच्याच न्यायाने पाहिले गेले.

परंतु विद्यार्थ्याची अडचण निराळ्या ठिकाणी असते. मराठवाड्यातून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलाचा प्रवेश पावसाळ्याच्या आरंभी होतो. खरीप बुडाल्याचे निश्चित होते ते ऑक्टोबरच्या सुमारास. त्यानंतर खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे दरमहा द्यावयाचे असतात, आणि घरून येणारी रक्कम नेमकी त्याच वेळी थांबते. परीक्षा शुल्क माफ झाले तरी परीक्षेपर्यंत शहरात राहावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच. एकदा गावी परतलेला विद्यार्थी पुन्हा येईलच, याचा भरवसा नसतो.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेसारख्या योजना निर्वाहाचा विचार करतात; तथापि त्यांची पात्रता ठरावीक अभ्यासक्रम आणि कौटुंबिक उत्पन्न यांवर अवलंबून असते. उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाचा असतो. आपत्ती मात्र चालू वर्षात कोसळते. शिवाय पुरात वाहून गेलेले जनावर किंवा भूकंपात पडलेले घर यांची नोंद उत्पन्नाच्या रकान्यात होत नाही. कालपर्यंत मर्यादेबाहेर असलेले कुटुंब आज निर्धन झाले, तरी कागदोपत्री ते संपन्नच राहते.

यावरून आपत्कालीन शिष्यवृत्तीस तीन गोष्टी अवश्य ठरतात. पात्रता गतवर्षीच्या उत्पन्नावर न ठरता झालेल्या हानीवर ठरावी. रक्कम शुल्काच्या हिशेबात वळती न होता विद्यार्थ्याच्या हाती दरमहा पडावी. आणि ती सत्राच्या मध्यासही सुरू करता यावी. पंचनामा हानीचा पुरावा देतोच; तो महाविद्यालयाने ग्राह्य मानण्याची तरतूद हवी. असे झाले, तरच ‘वृत्ती’ हे पद आपल्या मूळ अर्थास जागेल. एरवी शुल्क माफ झालेला विद्यार्थी परीक्षेस बसलेलाच नाही, असे घडण्याचा संभव राहील.