‘साडेअठ्ठावीस टनी’ डंपरमध्ये माती किती?

सांताक्रूझमध्ये जुन्या इमारती पाडून पायाखोदाई चालते. तिथली माती उचलायला सेकंडहँड डंपर घेणारे ‘२८.५ टनी’ ऐकून तेवढा माल बसेल, असे धरतात. तो आकडा सकल वाहन वजनाचा (गाडी अधिक माल) असतो. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची ही मर्यादा २०१८ मध्ये २५ वरून २८.५ टन झाली.

घरचा सिलिंडर आठवा: गॅस १४.२ किलो, टाकीचे वजन वेगळे. इथे उलट: गाडीचे वजनही आकड्यातच.

समजा, रिकामी गाडी ११ टनांची, उरले साडेसतरा. ओली माती घनमीटरला सुमारे पावणेदोन टन भरते, म्हणजे दहा घनमीटरांतच कोटा संपला. हौदा मात्र चौदाचा! तो शिगोशीग भरून हाकलेली गाडी चासीवरून ओळखू येते: वेल्डिंगची ठिगळं, वाढवलेले पाटे.

आरसी बुकात २५ टनच नोंदलेले असतील, तर हिशेब त्यावरच करावा.