ताटाची डावी बाजू

परवा आबांचं वर्षश्राद्ध झालं. पान वाढताना वहिनीनं रीतीप्रमाणे चटणी डावीकडे घातली आणि आईला रडू आवरेना.

आबांचं आधीचं सगळं आयुष्य तंबाखू आणि सोसायटीचं कर्ज यातच गेलं. मला आठवतात ती २०१२ नंतरची दहा वर्षं. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, डावा हात लुळा पडला. बोलणं मात्र खणखणीत राहिलं, कारण बहुतेकांची भाषा डाव्या मेंदूत असते. १९८१च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर शेजारी कोण कोण बसलं होतं, ते आबा नावानिशी सांगायचे. म्हणून पाहुणे म्हणत, ‘म्हाताऱ्याचं सोंग आहे.’ तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एका डॉक्टरांनीही ‘वय झालं’ म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं.

खर्ड्याशिवाय घास न उतरणारा माणूस खर्ड्याला शिवेना. आईला वाटलं, आपल्यावर राग धरलाय. एकदा पोरानं खेळता खेळता ताट फिरवलं, तर आबा म्हणाले, ‘आत्ता वाढलीस व्हय गं?’

पुढं कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. डोळे चांगले होते, पण मेंदू डावीकडे लक्षच देत नव्हता. आठवणीतही तेच. १९७८ साली इटलीत बिझियाक आणि लुझ्झाती या संशोधकांनी अशा रुग्णांना मिलानचा चर्चचा चौक मनात आणायला लावला. चर्चकडे तोंड करून उभं राहिल्याची कल्पना केली की फक्त उजवीकडच्या इमारती आठवत. चर्चकडे पाठ केली की त्या गायब, आणि मघाशी सुटलेल्या आठवत.

घरी येऊन विचारलं, ‘आबा, हमरस्त्यावर निपाणीकडं तोंड करून उभं राहा. काय दिसतंय?’ चिंच, चहाची टपरी, पंक्चरवाला. आमची वखार नाहीच. ‘आता कागलकडं वळा.’ वखार आली, गंजके पत्रे आले, एका बिजागरीवर लोंबणारं दार आलं. टपरी गेली. वखार विसरली म्हणून आम्ही त्यांच्यावर किती चिडलो होतो!

आता रस्ता पुन्हा रुंद होतोय. वखार गेली, चिंचही गेली. अर्धांगवायूच्या माणसाचा हात हलतो का, बोलता येतं का, एवढंच बघून अजूनही घरी धाडतात. गल्लीतल्या एक काकू महिन्यापूर्वी अशाच परतल्या. ‘हट्टी झाल्यात, अर्धं ताट टाकतात,’ सून म्हणाली.

मी गेले आणि ताट फिरवलं.