मिनिटांचा खरा हिशेब : अमेरिका-भारत कॉलिंग कार्डे आणि दराचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षणासाठी किंवा संगणक-व्यवसायानिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांना पुण्या-मुंबईतील घरच्यांशी बोलायचे असे, तेव्हा त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन पर्याय असत : ठरावीक रकमेचे प्रीपेड कार्ड आधीच विकत घेणे, किंवा एखाद्या कंपनीकडे खाते उघडून जेवढे बोलणे होईल तेवढ्याचेच पैसे फोनच्या बिलातून वा क्रेडिट कार्डातून भरणे. या दोहोंतील निवड बहुधा मिनिटामागच्या दरावरून केली जाई. प्रत्यक्षात खर्च दरापेक्षा बोलण्याच्या सवयीवर आणि कार्डाच्या अटींवर अधिक अवलंबून असे.

एवढी कार्डे बाजारात आली त्यामागे दोन्ही देशांतील धोरणांचा इतिहास आहे. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या कंपनीचे विभाजन अमलात आले आणि अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या दूरध्वनीसेवेत स्पर्धा वाढीस लागली. मात्र भारतातील आंतरराष्ट्रीय सेवा विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीच्या हाती होती. परदेशातून आलेला कॉल पुढे पोचवून देण्याबद्दल तेथील कंपनीने येथील कंपनीला द्यायच्या मोबदल्यास ‘सेटलमेंट दर’ म्हणतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कमी उत्पन्नाच्या देशांसाठी या दराची कमाल मर्यादा मिनिटाला २३ सेंट अशी ठरवली. एप्रिल २००२ पासून भारतात हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि दर घसरत गेले, तशी कार्डांवरील मिनिटांच्या आकड्यांची चढाओढही वाढली.

प्रीपेड कार्डावरील खरवडण्याच्या पट्टीखाली एक गुप्त क्रमांक असे. आधी कंपनीचा क्रमांक लावायचा, मग हा गुप्त क्रमांक दाबायचा आणि त्यानंतर ०११, ९१, शहराचा क्रमांक व घरचा नंबर फिरवायचा, असा क्रम असे. मध्येच ध्वनिमुद्रित आवाज शिल्लक मिनिटे सांगे. ही मिनिटे पदरात पडण्यासाठी ती बहुधा एकाच कॉलमध्ये संपवावी लागत, कारण अनेक कार्डांच्या मागे बारीक अक्षरांत इतर आकार नमूद केलेले असत : कॉल जोडण्याचे किंवा संपवण्याचे शुल्क, दर आठवड्याची ‘देखभाल’, आणि एका मिनिटाऐवजी तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यांनी होणारी मोजणी. सार्वजनिक फोनवरून टोल-फ्री क्रमांक लावल्यास त्या फोनच्या मालकाला द्यावयाची भरपाई, जी २००४ मध्ये प्रतिकॉल ४९.४ सेंट ठरली, तीही सहसा कार्डधारकाकडूनच वसूल होई.

या आकारांचा परिणाम एका काल्पनिक हिशेबातून स्पष्ट होतो. पाच डॉलरच्या कार्डावर मिनिटाला ५ सेंट दराने १०० मिनिटे जाहीर केली आहेत, मोजणी तीन मिनिटांच्या टप्प्यांनी होते, कॉल जोडताच ५० सेंट आणि दर आठवड्याला ६० सेंट कापले जातात, असे मानू. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे बोलणाऱ्याची प्रत्येक वेळी बारा मिनिटे धरली जातील आणि शुल्कासह १ डॉलर १० सेंट खर्च होतील. साप्ताहिक कपात जमेस धरता तिसऱ्या कॉलनंतर ५० सेंट उरतील आणि तेही पुढच्या कपातीत जातील. म्हणजे बोलणे झाले ३० मिनिटांचे. हीच ३० मिनिटे मिनिटाला १२ सेंट आकारणाऱ्या, पण अन्य शुल्क नसलेल्या खात्यावर ३ डॉलर ६० सेंटांत मिळाली असती. उलट तेच कार्ड पहिल्याच दिवशी सलग बोलून संपवणाऱ्याला ९० मिनिटे मिळतील, आणि त्यासाठी खातेधारकाला १० डॉलर ८० सेंट मोजावे लागतील. तात्पर्य, क्वचित पण दीर्घ बोलणाऱ्याला असे कार्ड किफायतशीर ठरे, तर वरचेवर थोडे बोलणाऱ्याला खाते.

तथापि, ही निवड सर्वांनाच करता येत नसे. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे स्वतःच्या नावावर फोन नसे, आणि अमेरिकेत पतइतिहास नसल्याने क्रेडिट कार्डही सहजी मिळत नसे. त्याला भारतीय किराणा दुकानातील रोख पैशांचे कार्डच परवडे आणि हिशेबाबाहेर खर्च होणार नाही याची खात्रीही त्यातच असे. म्हणूनच जाहिरातीतील फसवणुकीची झळ स्थलांतरितांना अधिक बसली. ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये काही कार्ड-वितरकांवर दावे दाखल केले, तेव्हा चाचणीसाठी घेतलेल्या कार्डांतून जाहीर मिनिटांपैकी सरासरी निम्मीच मिनिटे मिळाल्याचे त्याने न्यायालयापुढे मांडले.

इंटरनेटवरून बोलणे सुलभ झाल्यावर ही कार्डे मागे पडली, परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न कायम आहे. खरा दर म्हणजे भरलेली एकूण रक्कम भागिले प्रत्यक्ष बोललेली मिनिटे. हा भागाकार करण्यास लागणारी सर्व माहिती खरेदीपूर्वी, ठळक अक्षरांत आणि ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे, आणि ते पार पाडले जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी नियामक संस्थांनी ग्राहकावर ढकलता कामा नये.